जांभ्यावरच्या घराची सेप्टिक टाकी : देखभाल-दुरुस्तीच्या नोंदी, २०२५

१२ फेब्रुवारी २०२५
घर तळकोकणात, जांभ्याच्या उतारावर. कायमची माणसं पाच, गणपतीत चाकरमानी आले की अठरा. तक्रार एवढीच, की गेल्या पावसात संडासाचं पाणी हळू उतरत होतं आणि शोषखड्ड्याभोवती वास मारत होता. उन्हाळ्यात सगळं ठीक चालतं म्हणून अशी तक्रार विसरली जाते आणि जुलैत पुन्हा वर येते. काम करायचं तर ते फेब्रुवारी ते मे याच काळात.

आज फक्त मोजमाप. टाकी चिऱ्याची, आतून गिलावा, दोन कप्पे. आतली लांबी २.० मीटर, रुंदी ०.९ मीटर, पाण्याची खोली १.४ मीटर, त्यावर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. म्हणजे पाणी साधारण २,५०० लिटर. सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानकाच्या (आयएस २४७०) तक्त्यात दहा माणसं आणि दोन वर्षांनी उपसा, यासाठी हेच माप दिलेलं आहे. टाकी लहान नाही. पहिला कप्पा १.३३ मीटर, दुसरा ०.६७, दोनास एक हे प्रमाणही बरोबर.

शोषखड्डा गोल, व्यास १.२ मीटर, येणाऱ्या पाइपाच्या खाली १.८ मीटर खोल, कोरड्या चिऱ्याने बांधलेला. विहिरीपासून १६ मीटर. किमान १८ मीटर हवेत. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे इथे १८ मीटरही भरवशाचे नाहीत, पण त्याच्या आत तर असूच नये.

आंघोळीचं आणि मोरीचं पाणी माडांच्या आळ्यांत जातं असं घरच्यांनी सांगितलं. तरी गेरू कालवून एकेका मोरीत बादलीभर ओतून पाहिलं. धुलाई यंत्राच्या नळीतून ओतलेलं लाल पाणी सेप्टिक टाकीच्या आधीच्या चेंबरमध्ये आलं. यंत्र एका वेळी जोराने पाणी सोडतं आणि तळाचा गाळ ढवळून पुढे ढकलतं. ही जोडणी तोडायची.

१५ फेब्रुवारी
तळाचा गाळ आणि पाण्यावर तरंगणारा थर, म्हणजे साय, मोजली. दोन्ही झाकणं सकाळी काढून बराच वेळ उघडी ठेवली, मगच जवळ गेलो. विडी, काडेपेटी, कंदील काही नाही, उजेडाला बॅटरी. डोकं झाकणाच्या रेषेच्या आत न्यायचं नाही.

गाळासाठी २० मिलिमीटरचा अडीच मीटर पीव्हीसी पाइप, खालच्या एक मीटरला जुना पांढरा टॉवेल सुतळीने घट्ट गुंडाळलेला. साय बाजूला सारून काठी सावकाश तळापर्यंत सोडायची, चार-पाच मिनिटं तशीच धरायची, सरळ वर काढायची. टॉवेलवर जिथवर काळे कण चिकटतात तिथवर गाळ. वरचा पाण्याचा भाग नुसता मळकट दिसतो, फरक स्पष्ट कळतो. घाईने काठी खुपसली तर गाळ उसळतो आणि माप दहा-पंधरा सेंटिमीटरने जास्त येतं.

सायीसाठी दुसरी काठी, टोकाला १५ सेंटिमीटरची आडवी पट्टी. ती सायीतून खाली घालून फिरवायची आणि अलगद वर ओढायची. जिथे पट्टी अडते ती सायीची खालची बाजू. तिथे झाकणाच्या कडेशी काठीवर खूण.

पहिला कप्पा : गाळ ५२, साय १४ सेंटिमीटर. दुसरा कप्पा : गाळ १८, साय ४.
गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेली की उपसायचं. इथे ती मर्यादा ४७ सेंटिमीटर, आणि पहिल्या कप्प्यात ६६ भरलेत. शेवटचा उपसा २०२० च्या उन्हाळ्यात. हिशेब केला तर गाळ आणि साय मिळून माणशी वर्षाला साधारण ३७ लिटर पडतात. हे सर्वसाधारण आहे, टाकी आतून नीट कुजवते आहे.

खरा दोष दुसऱ्या कप्प्यात सापडला. बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी (इंग्रजी T च्या आकाराचा, सायीच्या खालून पाणी घेणारा जोड) नाही. भिंतीतून दहा सेंटिमीटर नुसता पाइप डोकावतो. टी तळाशी पडलेला काठीला लागला. पुढच्या चेंबरमधून कधी तरी सळई घातली असणार. ती उलटी येऊन टी वर आदळते. आता पृष्ठावरची साय आणि तेलकट तवंग थेट शोषखड्ड्यात जातो आहे. शोषखड्ड्याचं झाकण उघडलं तर ऐन फेब्रुवारीत पाणी वरून ३० सेंटिमीटरवर उभं. भिंतींना काळा बुळबुळीत थर.

या घराचं दुखणं हेच. शंभरेक रुपयांचा टी गेला आणि शोषखड्डा तुंबला. गाळ जास्त होता हे खरं, पण टी जागेवर असता तर तो टाकीतच राहिला असता.

२ मार्च
उपसा. पाच हजार लिटरची व्हॅक्यूम गाडी. टाकी आणि शोषखड्डा मिळून सव्वाचार हजार लिटरच्या आसपास, एका खेपेत झालं. रस्त्यापासून टाकीपर्यंत पाइप पुरतो का हे आधी मोजून गाडीवाल्याला कळवलं होतं. मैला कुठे रिकामा करणार हेही आधीच विचारून लिहून घेतलं. व्हाळात किंवा कातळावर सोडणारी गाडी बोलवायची नाही.

माणूस टाकीत उतरणार नाही, ही पहिली अट. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि उतरवणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी टाकीतला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, थांबत नाही. शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे ‘वास गेला, आता उतरू’ हाच क्षण सर्वांत घातक. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. बहुतेक दुर्घटना अशाच घडतात.

उपशाच्या वेळी या गोष्टी पाहिल्या :
दोन्ही कप्पे आलटून पालटून उपसले. मधली भिंत अर्ध्या चिऱ्याची आहे. एक कप्पा पूर्ण रिकामा आणि दुसरा भरलेला ठेवला तर ती एका अंगाने ढासळते.
तळाचा गाळ घट्ट बसला होता. गाडीतलं पाणी उलट दाबाने सोडून ढवळला आणि मग ओढला. नुसतं वरचं पाणी ओढून गाडी निघून जाते आणि गाळ तसाच राहतो, ही नेहमीची फसवणूक. म्हणून शेवटी पुन्हा टॉवेलची काठी घालून पाहिलं.
तळाशी पाच सेंटिमीटर गाळ मुद्दाम ठेवला. टाकी घासून धुतली नाही. त्या गाळातले जिवाणूच पुढची टाकी चालवतात.

बाजारातली जिवाणूची पावडर आणली नाही. शेणही कालवून घातलं नाही; शेणाने चोथा वाढतो, बाकी काही होत नाही. संडासातून रोज येतात तेवढे जिवाणू पुष्कळ आहेत.

३ मार्च
टी बसवला. बाहेर जाणाऱ्या पाइपावरच झाकण आहे आणि पाइप वरून जेमतेम ४० सेंटिमीटर खाली, म्हणून हात घालूनच काम होतं. नाही तर बाहेरून भिंत फोडावी लागली असती. दोन्ही झाकणं रात्रभर उघडी (भोवती काटेरी कुंपण, मुलं आणि गुरं येऊ नयेत म्हणून), सकाळी फुंकणारा पंखा लावून हवा खेळती ठेवली, वाऱ्याच्या बाजूला बसून तोंड बाहेर ठेवलं, खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे, शेजारी दुसरा माणूस.

जुळणी बाहेरच केली : ११० मिलिमीटरचा टी, खालच्या तोंडाला पाइप अशा लांबीचा की पाण्याखाली ४५ सेंटिमीटर जाईल (पाण्याच्या खोलीचा साधारण तिसरा हिस्सा), वरच्या तोंडाला १५ सेंटिमीटरचा तुकडा, तो उघडा. वरचं तोंड बंद केलं तर वायू अडतो आणि तुंबलं तर साफ करायची वाट उरत नाही. भिंतीतल्या पाइपावर टी रबर रिंगेचा घेतला, सॉल्व्हंटचा नाही. ओल्या पाइपावर सॉल्व्हंट धरत नाही, आणि पुढे कधी टी बदलायचा झाला तर रिंगेचा ओढून निघतो. रिंगेला साबणाचं पाणी लावून ढकलला, बाजूने दोन स्टेनलेस स्क्रू, म्हणजे सळई लागली तरी सुटणार नाही.

येणाऱ्या बाजूचा टी शाबूत. दोन पाइपांच्या तळातला फरक लेव्हल ट्यूबने पाहिला : बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५० मिलिमीटर खाली, हवा तसाच.

लगेच विहिरीच्या पंपाने टाकी पाण्याने भरून घेतली. टी च्या तोंडापर्यंत पाणी नसेल तर पहिल्या दिवसापासून तरंगता मैला पुढे जातो.

१८ मार्च
झाकणं. वरून धडधाकट दिसत होती, उलटी केल्यावर खालची बाजू पांढऱ्या चुऱ्यासारखी झालेली, सळया उघड्या. पाण्याच्या वर ओलसर सिमेंटवर हायड्रोजन सल्फाइडचं जिवाणूंमुळे गंधकाम्ल होतं आणि ते खालूनच काँक्रीट खातं. पाण्याखालचा गिलावा मात्र ठणठणीत. झाकणावर उभं राहून ‘मजबूत आहे’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

नवी झाकणं ६० × ६० सेंटिमीटर, ६ सेंटिमीटर जाड, ८ मिलिमीटर सळई दोन्ही दिशांनी १० सेंटिमीटरवर, खालच्या बाजूला डांबराचे दोन हात. एकाचं वजन ५४ किलोच्या घरात, दोन कड्या, उचलायला दोघं. एकवीस दिवस पाणी मारून मग बसवायची. कडेला सिमेंट भरून बंद करायची नाहीत, रबराची पट्टी घालायची. सिमेंटने चिकटवलेलं झाकण कुणी उघडत नाही आणि मोजमाप राहून जातं. चौकट जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर वर उचलली, पावसाचं पाणी आत वळू नये म्हणून.

६ एप्रिल
वायूचा पाइप. होता ५० मिलिमीटरचा, जेमतेम माणसाच्या उंचीचा, टोकाला गंजून भोक पडलेली जाळी. घर टाकीपासून १५ मीटरच्या आत असेल तर पाइप छपरापेक्षा २ मीटर वर हवा. भिंतीला क्लॅम्प मारून वाढवला, टोकाला नायलॉनची बारीक जाळी. लोखंडी जाळी या वायूत फार टिकत नाही. जाळी फाटली की टाकीत क्युलेक्स डासांची पैदास होते, आणि हत्तीरोग पसरवणारा डास तोच.

२२ एप्रिल
जुन्या शोषखड्ड्याला विश्रांती द्यायची, त्यासाठी पर्याय हवा. काळा थर हवा लागली की सुकून कुजतो, पण त्याला महिने लागतात, आणि तोवर पाणी दुसरीकडे गेलं पाहिजे.

दुसरा खोल खड्डा नको. गेल्या जुलैत परसात घालून ठेवलेल्या निरीक्षण पाइपात भूजल २.१ मीटरवर आलं होतं. जुन्या खड्ड्याचा तळ पावसात जवळपास पाण्यातच असतो. म्हणून उथळ चर, घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपासून २७ मीटर, उताराला आडवा.

जागेची झिरप-चाचणी : चराच्या तळाइतक्या खोलीवर १५ सेंटिमीटर व्यासाचं भोक, बाजू खरवडून मोकळ्या केल्या, तळाला ५ सेंटिमीटर खडी, रात्रभर पाणी भरून मुरवलं. सकाळी खडीच्या वर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून अर्धा तास मोजलं. ६८ मिलिमीटर उतरलं, म्हणजे २५ मिलिमीटरला ११ मिनिटं. अर्ध्या तासाच्या आत आहे, चालतं. तासाच्या वर जात असतं तर जमिनीत मुरवायचा विचारच सोडावा लागला असता. मुरवल्याशिवाय केलेली चाचणी एप्रिलच्या तापल्या जमिनीत नेहमी खोटी चांगली येते.

११ मिनिटांना चौरस मीटरमागे दिवसाला ६० लिटरच्या आसपास पाणी मुरतं. १० मीटर × ६० सेंटिमीटर चराचा तळ ६ चौरस मीटर, म्हणजे ३६० लिटर. पाच माणसांचं संडासाचं पाणी २०० लिटर. गणपतीत अठरा माणसांचं ७२० लिटर, एकट्या चराला झेपणार नाही. जुन्या खड्ड्याच्या भिंती ६.८ चौरस मीटर, त्या मोकळ्या झाल्या तर आणखी ४०० लिटर. दोन्ही मिळून जेमतेम बसतं. त्यामुळे दोन्हीकडे जाणारं वाटणी-चेंबर हवंच.

१७ मे
चर पूर्ण. खोली ७५ सेंटिमीटर. हाताने खणला, यंत्राच्या बादलीने तळ घासून चकचकीत होतो आणि पाणी मुरत नाही. तरीही शेवटी तळ कुदळीने खरवडला. २० ते ४० मिलिमीटरची धुतलेली खडी एक ब्रास, त्यातली थोडी उरली. न धुतलेल्या खडीची भुकटी तळाशी बसून चर पहिल्याच वर्षी बंद पाडते.

तळाला २० सेंटिमीटर खडी, त्यावर ११० मिलिमीटरचा पाइप, खालच्या अंगाला दोन ओळींत १२ मिलिमीटरची भोकं, दर १५ सेंटिमीटरवर. पूर्ण लांबीत २५ मिलिमीटर उतार. जास्त दिला तर सगळं पाणी टोकाला जाऊन तिथलाच भाग तुंबतो. वर १० सेंटिमीटर खडी, जिओटेक्सटाइल (माती खडीत उतरू न देणारं कापड), मग माती, मधोमध दहा सेंटिमीटर फुगवटा. टोकाला उभा पाइप झाकणासह, पाणी किती उभं आहे ते बघायला.

वाटणी-चेंबर ४५ × ४५ सेंटिमीटर चिऱ्याचं, दोन तोंडं समपातळीत, बंद करायला एंड कॅप. जुन्या खड्ड्याकडचं तोंड बंद. धुलाई यंत्राची नळी माडाच्या आळ्यात सोडली. आळं आलटून पालटून बदलायचं.

चराच्या वरच्या अंगाला गडग्याला लागून पाट काढला. डोंगरउताराचं पाणी चरावर आलं तर वरची सगळी आकडेमोड फुकट.

२५ मे
मोसमी पाऊस आजच तळकोकणात पोहोचला, नेहमीपेक्षा जवळपास दोन आठवडे आधी. त्याआधीच काही दिवस जोराचा पाऊस लागला होता. चरावरची माती दोन ठिकाणी बसली, भर घातली. पाट वाहतो आहे.

१३ जुलै
टोकाच्या पाइपात १० सेंटिमीटर पाणी, म्हणजे खडीतच. चराच्या जागी भूजल पृष्ठापासून २.३ मीटर, खालच्या अंगापेक्षा बरं.

विहिरीच्या पाण्याची एचटूएस बाटली-चाचणी (पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जिवाणू असण्याची शक्यता) : चोवीस तासांत काळी. मार्चमध्येही काळी झाली होती. जुलैत कठड्यावरून आणि कडेच्या जमिनीतूनही पाणी विहिरीत उतरतं, त्यामुळे हा निकाल एकट्या शोषखड्ड्यावर ढकलता येत नाही. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी ६ मीटर, म्हणजे सुमारे ४२ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने २१० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), बादलीत कालवून, निवळी घेऊन विहिरीत. चोथा टाकायचा नाही. निदान अर्धा तास पाणी वापरायचं नाही. प्यायचं पाणी उकळूनच.

१८ ऑगस्ट
गणपती २७ तारखेला. जुन्या खड्ड्यात पाणी फक्त तळाला ३५ सेंटिमीटर, आणि तेही भूजलाचं. भिंतींवरचा काळा थर सुकून पापुद्रे सुटलेत. त्या तोंडावरची कॅप काढली, दोन्ही वाटा चालू.

संडासात पाटी लावली : सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले वाइप्स, उरलेलं तेल नको. ॲसिडची अख्खी बाटली एका दिवशी ओतायची नाही. भांडं घासायला थोडं क्लीनर चालतं.

१ सप्टेंबर
गौरीपूजन, घर भरलेलं. चराच्या टोकाला २४ सेंटिमीटर, जुन्या खड्ड्यात १.१ मीटर. खड्ड्यातलं पाणी पाइपाच्या पातळीखाली, चरातलं पाइपाच्या तळाच्या जरा वर, पण खडीतच. वास नाही. वाटणी-चेंबरमध्ये पाणी दोन्ही तोंडांना सारखं जातं आहे, आणि त्यात साय नाही. टी काम करतो आहे.

९ सप्टेंबर
गर्दी ओसरल्यावर चर ११ सेंटिमीटरवर उतरला. जुन्या खड्ड्याचं तोंड पुन्हा बंद. येत्या उन्हाळ्यापर्यंत तो कोरडा राहील. मे महिन्यात अदलाबदल : चर बंद, खड्डा चालू.

१४ ऑक्टोबर
पहिला कप्पा : गाळ १२ (मार्चमध्ये ठेवलेले ५ धरून), साय २. दुसरा कप्पा : गाळ ६, साय नाही. विहिरीची बाटली ४८ तासांनंतरही रंग न बदलता राहिली.

गेल्या पाच वर्षांत पहिल्या कप्प्यात वर्षाला १३ सेंटिमीटर भर पडत होती. त्या वेगाने ४७ ची मर्यादा २०२८ च्या उन्हाळ्यात येईल. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी दर तीन वर्षांनी वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत घातली आहे; इथेही तीन वर्षं हेच माप धरायचं, पण दर फेब्रुवारीत काठीने मोजूनच. काठीवर टी च्या खालच्या टोकाची खूण कोरून ठेवली आहे. गाळ त्या टोकापासून ३० सेंटिमीटरच्या आत किंवा साय १५ सेंटिमीटरच्या आत आली, तर वर्षं न मोजता गाडी बोलवायची. काठी, रबराची पट्टी, जास्तीची एंड कॅप आणि नायलॉनची जाळी पडवीत आढ्याला टांगलेल्या पिशवीत.